सातशे सेहेचाळीसचा घोडा

गॅसवाला सिलिंडर आणतो तेव्हा त्याच्या काट्यावरचा आकडा मी दोनदा वाचते. औषधाच्या बाटलीवरची तारीख दोनदा, लाइटच्या मीटरचं रीडिंग दोनदा. मुलगी वैतागते. "आई, दिसलं ना एकदा, परत काय बघतेस?" तिला काय सांगू. आकडा दोनदा वाचायचा, एकदा आपल्यासाठी आणि एकदा मोटरसाठी, असं मला शिकवणारा एक माणूस होता. त्याच माणसासमोर एकदा मी आकडा दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा खोटा वाचला.

त्यांचं नाव किशनराव.

हैदराबादेत कुकटपल्लीच्या मागच्या अंगाला तेव्हा पत्र्याच्या शेडांची रांग होती. त्यातल्या एका शेडमध्ये चंद्रय्या सारांचा मोटरांचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, बावीस माणसं, दोन लेथ, आणि वाइंडिंगच्या टेबलाशी तांब्याची तार गुंडाळणाऱ्या आम्ही सहा बायका. शेडच्या टोकाला पाण्याच्या टाकीजवळ टेस्टिंगची जागा. तिथे किशनराव बसत. बनलेली प्रत्येक मोटर त्यांच्या हाताखालून जायची. त्यांनी कागदावर सही केल्याशिवाय मोटरवर नावाची पट्टी लागत नसे, आणि बेगम बाजारातले व्यापारी पट्टीपेक्षा त्या सहीवर माल उचलत.

मी चाळीसगावकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन नवऱ्यामागे हैदराबादला आले. नवरा रेडिओचे भाग बनवणाऱ्या कंपनीत होता. बाहेरच्या देशांतला माल यायला लागला आणि ती कंपनी एका उन्हाळ्यात बंद झाली. मग मी या शेडमध्ये आले. ना तेलुगू येत होती, ना इथली उर्दू. कोणी मोठ्याने बोललं तरी मला वाटायचं, आता काढून टाकतात. तिसऱ्या दिवशी मी हाताने तार मोजत पुटपुटत होते, "बेचाळीस, त्रेचाळीस," आणि मागून आवाज आला, "त्रेचाळीस काय?"

मी दचकून उभी राहिले. बुटके, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला पूर्ण बाहीचा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस, कानावर पेन्सिल.

"त्रेचाळीस वेढे," मी म्हणाले.

"मग वेढे म्हणा की. नागडा आकडा बोलू नका बाई. आकड्याला कपडे घालून बाहेर काढायचं." मग कानावरची पेन्सिल सारखी करत, "मराठी का तुम्ही? कुठल्या?"

"चाळीसगावची."

"तिकडच्या. आम्ही इकडचे. आमचे वडील नांदेडकडून आले ते इथंच राहिले. मुलं किती?"

"दोन."

"दोन काय?"

माझ्या शेजारी यादम्मा बसायची, आमच्यातली सगळ्यात जुनी. ती तारेवरून मान वर न करता म्हणाली, "दो किलो, साब. और क्या?" सगळ्या हसल्या. किशनराव हसले नाहीत. "हौ, हसा," म्हणाले आणि गेले. पण त्या दिवसापासून दुपारच्या चहाला ते आमच्या टेबलाशी यायला लागले. चहावाल्याशी त्यांचं रोजचं भांडण असे. अर्धा कप म्हणजे अर्धा कप. त्यांनी त्यांच्या कपाला आतून कानशीने ओरखडा काढून ठेवला होता, चहा त्याच्या वर गेला तरी बोलणार आणि खाली राहिला तरी बोलणार. चहावाला त्यांना पाठीमागे 'तराजू' म्हणायचा. तोंडावरही म्हणायचा.

स्तुती त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. चूक झाली की मात्र सगळ्या शेडला ऐकू जाईल इतकं बोलत. मला पहिले दोन महिने रोज रडू यायचं. पण एक दिवस त्यांनी विचारलं, "घरात काय काय लागतं तुमच्या? बल्ब किती?" मी म्हटलं, दोन बल्ब साठ-साठचे. "साठ काय?" साठ वॅटचे. आणि एक पंखा. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या टेबलावरच्या पुठ्ठ्यावर लिहिलं. साठ, साठ, पंख्याचे सत्तर. एकशे नव्वद वॅट. "एक घोडा म्हणजे सातशे सेहेचाळीस वॅट. आता सांगा, तुमच्या घरात किती घोडा?"

हॉर्सपॉवरला शेडमध्ये सगळेच घोडा म्हणत. मला भागाकार येत होता, पण तो शाळेत सोडून आले होते असंच मी समजत होते. पुठ्ठ्यावर बराच वेळ गेला. "पाव," मी भीत भीत म्हणाले, आणि लगेच, "पाव घोडा. थोडा जास्तच."

"पाव घोड्यावर संसार चालायलाय तुमचा," ते म्हणाले. "बघा, येतंय की."

घरी जाऊन मी नवऱ्याला सांगितलं, आपल्या घरात पाव घोडा आहे. त्याला नोकरी जाऊन चार महिने झाले होते. तो कितीतरी दिवसांनी हसला.

पुठ्ठ्यावरची शाळा मग सुरूच राहिली. वॅट, किलोवॅट, घोडा. दोराचा ताण किलोत मोजला, ड्रमची त्रिज्या मीटरमध्ये घेतली, एका मिनिटातले फेरे घेतले, सगळं गुणलं आणि सातशे सव्वीसनं, हा दोराच्या हिशेबाचा वेगळाच आकडा, भागलं की घोडा हातात येतो, हे मी तिथे शिकले. इंग्रजी अक्षरं मला अजून नीट येत नाहीत. पण हे येतं.

त्या वर्षांत शेडमध्ये नवनवीन माणसं यायची. कुकटपल्लीत परदेशी मशीन मागवलेला एक नवा कारखाना उघडला होता. तिथला पुण्याचा एक तरुण इंजिनिअर जळलेली मोटर घेऊन आला. मोटरवर वीस लिहिलेलं, पुढे दोन इंग्रजी अक्षरं. तो स्वच्छ पुणेरीत म्हणाला, "वीस हॉर्सपॉवर आहे. याच मापाची दुसरी मिळेल का?"

किशनरावांनी पट्टीवरून बोट फिरवलं. "हा घोडा आपला नव्हं साहेब. हा तिकडचा. सातशे पस्तीस वॅटचा."

"अहो काका, हॉर्सपॉवर म्हणजे हॉर्सपॉवर."

"हौ का? मग वीस वेळा अकराचा फरक सोडून द्या, दोनशे वीस वॅट. बाईंच्या घरात एवढ्यात दोन बल्ब आन् पंखा चालतो." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला कुठे तोंड लपवू असं झालं. इंजिनिअर आधी चिडला, मग खिशातून डायरी काढून त्याने ते लिहून घेतलं. जाताना मला म्हणाला, "तुमचे काका विलक्षण आहेत." काका नव्हते ते माझे. पण मला ते बरं वाटलं होतं.

चंद्रय्या सारांनी केबिनमध्ये एसी बसवायचा ठरवला तेव्हाचा किस्सा तर शेडमध्ये वर्षभर चालला. सार वाईट माणूस नव्हते. नवे ग्राहक गाडीतून उतरायचे, घाम पुसायचे, आणि सारांना लाज वाटायची. एसीवाल्यानं दीड टनाचा सांगितला. सारांच्या डायरीत मागच्या पानावर मापांचं कोष्टक छापलेलं होतं. त्यांनी टनाचे किलोवॅट केले, किलोवॅटचे घोडे केले आणि सात घोडे निघाले. सात घोडे वाढले तर शेडला मंजूर झालेली वीज पुरणार नाही, एक लेथ बंद ठेवावं लागेल, म्हणून ते कपाळाला हात लावून बसले होते.

"गणित बरोबर हाय," किशनराव म्हणाले. "पण सार, चारा का ओढ?"

"क्या?"

"हा एसी खोलीतली गरमी ओढून बाहेर टाकतो, ती सात घोड्यांची. ती त्याची ओढ. वीज किती खातो, तो चारा. अडीच घोड्याच्या वर नाही खाणार. तुम्ही ओढ मोजली आन् चाऱ्याचं बिल भरायला निघालाव."

एसी आला. लेथ बंद पडलं नाही. त्यानंतर शेडमध्ये कशालाही 'चारा का ओढ' म्हणायची पद्धत पडली. यादम्माचा नवरा आळशी होता. तिनं एकदा डब्यातली सगळ्यात जाड भाकरी दाखवून म्हटलं, "चारा इतना. ओढ कुछ बी नक्को पूछो." किशनरावांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्यांच्या डोळ्यांचं मला कळलं ते चहामुळेच. कपातल्या ओरखड्यावरून त्यांनी भांडणं सोडलं होतं. एक दिवस चहावाल्यानं मुद्दाम कप काठोकाठ भरला, तरी ते काही बोलले नाहीत. बोट बुडवून बघितलं आणि पिऊन टाकला. मग टेस्टिंगच्या वेळी ते मला हाक मारायला लागले. "बाई, जरा या. काटा वाचा. माझे हात गुंतलेत." हात गुंतलेले नसायचे.

मोटर तपासायची त्यांची रीत अशी होती. मोटरच्या दांड्यावर लोखंडी ड्रम. ड्रमभोवती जाड दोर, दोराच्या दोन्ही टोकांना स्प्रिंगचे काटे. दोर आवळत जायचं म्हणजे मोटरला ओढावं लागतं. मोटर साडेसात अँपिअर घ्यायला लागली की थांबायचं, दोन काटे वाचायचे, मोठ्यातून लहान वजा करायचा. दोर घासून ड्रम तापतो, म्हणून ड्रमच्या पोकळीत मगभर पाणी ओतायचं. पाणी ओतल्यावर किशनराव डोळे मिटून ओठांतल्या ओठांत मोजत बसत. पाणी गुणगुणायला लागलं की थांबत. पाच घोड्यांच्या मोटरला शंभराच्या आसपास. मी एकदा विचारलं, हे कशाला? "वेळ जात नाही म्हणून," ते म्हणाले.

दोन वर्षं मी त्यांचे काटे वाचले. कोणाला सांगितलं नाही. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा ऑपरेशनात गेला होता, म्हणून ते मोतीबिंदू काढून घ्यायला धजत नव्हते. "पुढच्या उन्हाळ्यात," म्हणत. आणि शेडमध्ये कळलं तर खुर्ची जाणार, ही भीती तर होतीच. एवढं दुसऱ्याला फाडून खाणारा माणूस, पण मी काटा वाचत असताना इतका शांत उभा राहायचा की मलाच भरून यायचं. आकडा सांगितला की विचारायचे, "दोनदा वाचलंत?" मी म्हणायचे, "दोनदा." मग ते पुढचं गणित तोंडी करत आणि सही करत. माझ्यासारख्या सातवीवालीच्या शब्दावर. घरीसुद्धा माझ्या शब्दाला एवढी किंमत नव्हती.

मग काम आटलं. बाहेरून स्वस्त मोटरी यायला लागल्या, दिसायला गुळगुळीत, पट्टीवर पाच घोडे. किशनरावांनी एक आणवून तपासली. "चारा पाच घोड्यांचा," म्हणाले, "ओढ चारची. चाराच छापलाय पट्टीवर." पण बाजाराला ते कोण सांगणार? लेथवाल्यांतले दोघे सोडून गेले. वाइंडिंगच्या टेबलाशी आम्ही सहाच्या तीन झालो.

अशात बेगम बाजारातल्या एका मसाल्याच्या मोठ्या व्यापाऱ्याची ऑर्डर आली. मिरची कांडायच्या चक्क्या त्याला गावोगावी द्यायच्या होत्या, त्यासाठी पाच घोड्यांच्या तीनशे मोटरी. भाव त्या स्वस्त मोटरींचा, पण सही किशनरावांची. चंद्रय्या सारांनी तांबं कमी करून, पत्रा हलका वापरून नमुन्याची मोटर बनवली. ती तपासली तेव्हा काटे मीच वाचले, नेहमीसारखी पाणी ओतायच्या निमित्तानं वाकून, हळू आवाजात. एक वीस किलो, दुसरा अडीच. साडेसतरा. किशनरावांनी तोंडी गुणलं, भागलं. "चार घोडे. आन् वर थोडी शेपटी. नाही."

सार तिथेच उभे होते. अडलं की ते नावाला आदराचं 'गारू' लावत. "किशनराव गारू, एक दस्तखत होना, बस. बाजार में सब ऐसाच दे रहे."

"देऊ द्या की."

"फिर मैं ताला डाल देता. दूसरा क्या करूँ मैं, तुमीच बोलो."

"तांबं घाला."

"तांबा डाला तो भाव किधर बैठता?" सारांचा आवाज फुटला. मालक माणूस, आम्हा बायकांसमोर पालथ्या हाताने डोळे पुसत होता. मग म्हणाले, एकदा परत वाइंडिंग करा, उद्या व्यापाऱ्याचा माणूस येतोय, त्याच्यासमोर तपासा. उद्या जमलं तर जमलं. नाही तर ही महिनाअखेर शेवटची.

वाइंडिंग मीच केलं. तार तेवढीच होती, तेवढीच बसली. त्यात काही फरक पडणार नाही हे माझ्या हातांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे बसले होते. नवरा अंगणात उकिडवा बसून जुनाच पेपर परत वाचत होता. धाकटा तापातून उठला होता, त्याला भात हवा होता. मी कोळसा घेतला आणि भिंतीवर गणित मांडलं. उलटं. पाच घोडे हवेत. पाच गुणिले सातशे सव्वीस, भागिले फेरे चौदाशे चाळीस, भागिले ड्रमची त्रिज्या, शून्य दशांश बारा मीटर. एकवीस किलो आले. म्हणजे काटे चोवीस आणि तीन वाचायचे. कोणी मला सांगितलं नव्हतं. सारांना तर काटा मी वाचते हे माहीतही नव्हतं. हे फक्त मला सुचू शकत होतं, कारण हे गणित त्या शेडमध्ये किशनरावांनंतर एकट्या मला येत होतं. मी ते ओल्या फडक्यानं पुसलं. भिंतीवर काळा डाग राहिला.

व्यापाऱ्याचा माणूस पाण्याच्या टाकीपाशी खुर्ची टाकून बसला होता. सार त्याच्या शेजारी. मोटर सुरू झाली, किशनरावांनी दोर आवळला. मी नेहमीसारखी काट्यांजवळ वाकले, जणू पाणी ओतायला. अँपिअर साडेसात झाले. मी पाणी ओतलं. हळू आवाजात म्हणाले, "चोवीस किलो. तीन किलो."

काटे वीस आणि अडीचवर होते. मी ते स्वच्छ पाहत होते.

किशनरावांनी डोळे मिटले. ते मोजत राहिले. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. शंभर झाले. पाणी गप्प होतं. एकशे दहा. मी हातातला मग पदरात धरला. एकशे वीसच्या पुढे कुठेतरी पाणी गुणगुणलं. त्यांनी मोटरच्या अंगावर तळवा ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा, आणि बराच वेळ काढला नाही.

"दोनदा वाचलंस, पोरी?"

दोन वर्षांत त्यांनी मला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. यादम्मालाही नाही.

मी परत वाकले. परत पाहिलं. "चोवीस किलो," मी म्हणाले. "तीन किलो."

त्यांनी मोठ्याने गणित केलं, व्यापाऱ्याच्या माणसाला ऐकू जाईल असं. एक पायरी गाळली नाही. "पाच घोडे," म्हणाले. कानावरची पेन्सिल काढली, मग ती परत ठेवली, सारांकडून पेन मागून घेतलं आणि सही केली. सही कागदाच्या रेघेखाली उतरली.

त्या दिवसानंतर त्यांनी मला काटा वाचायला बोलावलं नाही. त्या तीनशे मोटरी न तपासताच गेल्या, नमुना पास होता ना. ते टेस्टिंगच्या जागी बसून असत. चहाला आमच्या टेबलाशी येत नसत. यादम्मा विचारायची, "तेरे पे काय कू गुस्सा है रे साब?" मी म्हणायचे, मला काय माहीत.

मिरचीचा हंगाम आला. पहिला टेंपो परत आला तेव्हा आम्हाला आवाजाआधी वास आला. जळलेलं वार्निश आणि लाल तिखट. मोटरींच्या जाळीत, पंख्यात, सगळीकडे तिखट बसलेलं. उतरवणारी माणसं खोकून बेजार झाली, आम्ही पदर नाकाला लावून तार गुंडाळत होतो. दुसरा टेंपो आला. मग तिसरा. चक्कीत मिरची भरली की मोटर गुरगुरायची, तापायची आणि बसायची. त्या जळलेल्या गुंडाळ्या उकलायचं काम आमच्याच वाट्याला आलं. आठवडाभर माझी बोटं आणि डोळे चुरचुरत होते. मला ते बरंच वाटत होतं, रडलेलं ओळखू येत नव्हतं.

व्यापारी स्वतः आला. बरोबर दुसरीकडून तपासून आणलेला कागद. सारांच्या केबिनची भिंत प्लायवुडची होती आणि माझं टेबल तिच्या या बाजूला.

"चार घोडे की मोटर है ये," व्यापारी म्हणत होता. "दस्तखत तुमारे किशनराव का. मैं तो दस्तखत पे माल लिया. अब बोलो, कौन झूट बोला?"

सारांची खुर्ची करकरली. एसीचा आवाज येत होता. मग किशनरावांचा आवाज आला, चहावाल्याशी भांडतानाचा नाही, काटा ऐकतानाचा.

"झूट कोई नहीं बोला. काँटा मैं पढा. मेरी आँखाँ में मोतिया है, दो साल से. मैं छुपाया."

"दो साल से?" सार म्हणाले.

"हौ. वीस का चोवीस दिखा मेरे को."

वीस. त्या दिवशी तो आकडा मी त्यांना सांगितलाच नव्हता.

मी उठले नाही. हे मला इथे लिहायचंच होतं. दार चार पावलांवर होतं, हातात अर्धी गुंडाळी होती, आणि मी मोजत राहिले. एकोणचाळीस वेढे, चाळीस वेढे. यादम्मानं माझ्याकडे बघितलं. तिनं काय ते ओळखलं असावं, कारण नंतर कित्येक दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

किशनराव केबिनमधून बाहेर आले, टेस्टिंगच्या जागेवरून आपला कप उचलला, तो शर्टाच्या टोकानं पुसला, आणि भिंतीला हात लावत लावत शेडच्या दारातून बाहेर गेले. उन्हात थोडा वेळ थांबले. कुठल्या बाजूला वळायचं ते दिसत नसावं. मग वळले.

सारांनी सगळ्या मोटरी पदरचं तांबं घालून परत बांधून दिल्या. शेड वाचली, लहान होऊन का होईना. टेस्टिंगला माणूस हवा होता. लेथवरच्या एकानं सारांना सांगितलं, ये बाई को हिसाब आता. सारांनी मला एक मोटर दिली, मी दोर आवळला, काटे वाचले, भागलं. सार म्हणाले, "बैठो उधर, अम्मा." ती किशनरावांची खुर्ची होती. तिच्यावर बसून मी दोन मुलं शिकवली. तेव्हापासून एकही काटा मी चुकीचा वाचलेला नाही, पण ते आता कोणाला सांगणार. तिथे बसल्यावर मीही पाणी ओतून मोजायला शिकले, ओढ कमी तर गरमी कमी आणि पाणी उशिरा गुणगुणतं, आणि त्या दिवशी एकशे वीसच्या पुढे त्यांनी काय ऐकलं होतं ते मला तेव्हा पुरतं कळलं.

त्यांची खोली कोठीच्या बाजारामागच्या गल्लीत आहे एवढं ठाऊक होतं. एकदा गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले. सोबत पेढे नेले होते. कशाचे पेढे, ते मलाच सांगता येईना.

त्यानंतर दोन वर्षांनी मुलीसाठी जुनी पुस्तकं घ्यायला कोठीला गेले होते. पिशवी जड झाली होती, बसथांब्यावर गर्दी. बसच्या पाट्या तेलुगूत, मी नेहमीसारखी आकडे शोधत मान वर करून उभी. शेजारून आवाज आला, "किधर जाना, अम्मा?"

आवाज मी लगेच ओळखला. गळ्यापर्यंत गुंड्या, तेल लावलेले केस, आता पांढरे. आणि मोतीबिंदू काढल्यावरचा जाड भिंगांचा चष्मा, त्यामागे मोठे मोठे दिसणारे डोळे. ते सरळ माझ्याकडे बघत होते. मला नीट पाहून त्यांना वर्षं लोटली होती. दोन वर्षं मी त्यांच्यासाठी नुसता आवाज होते. बोलले असते तर कळलं असतं. म्हणून मी बोललेच नाही. भाषा येत नाही असं दाखवून पिशवीतून बसचा पास काढला आणि पुढे केला, कुठे जायचं ते त्यावर असतं. त्यांच्या हातात गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यावर नावही असतं. आणि फोटो.

त्यांनी पास नाकाशी धरला. वाचला. मग लांब धरला आणि परत वाचला. फोटोकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. बराच वेळ. मोटरवर तळवा ठेवला होता तेवढा वेळ.

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आता मुद्दाम गप्प नव्हते.

पास त्यांनी माझ्या हातात परत दिला. एक बस येऊन थांबली, लोक धावले. मी निघाले तशी त्यांनी हात आडवा केला. दुसरी आली. त्यांनी मान वर करून पाटी वाचली आणि मला नंबर सांगितला. मग पुन्हा पाटीकडे बघून पुन्हा सांगितला.

"हीच," ते मराठीत म्हणाले. "बसा, बाई."

मी चढले. खिडकीशी जागा मिळाली. बस हलली तेव्हा बाहेर पाहिलं. मागून आणखी एक बस येत होती, आणि ते मान वर करून तिच्या पाटीकडे बघत उभे होते. त्यांचे ओठ हलले. थोड्या वेळानं पुन्हा हलले.